राहिलेली ओवाळणी

संक्रांतीच्या सकाळी आबांनी घरातल्या सगळ्यांना पुढच्या खोलीत उभं केलं आणि हुकूम सांगितला.

"आज सायबाकडं कुणी काही मागायचं न्हाई."

"एवढ्यासाठी बोलावलं व्हय?" तारामतीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोटांना कणीक चिकटली होती. "बसा तरी म्हणा सगळ्यांना."

"बसून ऐकलेला हुकूम ध्यानात ऱ्हात न्हाई."

सुभेदार मेजर आनंदराव शेडगे यांना मराठा पलटणीतून निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. साताऱ्याकडचं गाव सोडून ते थोरल्या मुलाकडे, विलासकडे, जयपूरला येऊन राहिले तेव्हापासून त्यांच्या हुकमतीत चारच माणसं उरली होती: बायको, विलास, सून रमा आणि नात चारुलता. धाकटा नंदकिशोर इथल्याच छावणीत होता. पण तो आता कॅप्टन झाला होता, आणि कॅप्टनला सुभेदार मेजर हुकूम देत नाही, सल्ला देतो.

आजचा हुकूम चौघांना दिलेला असला, तरी तो कोणासाठी होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. विलास भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

चारुलताला लंडनच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीही मिळाली होती. अडलं होतं एका अटीवर. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाला इंग्लंडमध्ये राहणारा एक पालक हवा होता, नावपत्त्यासकट आणि सहीसकट, तोही या जानेवारीअखेरपर्यंत. शेडग्यांचं इंग्लंडात कोणी नव्हतं. त्यांच्या ओळखीचा एकच इंग्रज होता, आणि तो आज दुपारी त्यांच्याकडे जेवायला येणार होता.

"आबा," विलास म्हणाला, "पैसे नकोत, नोकरी नको. फक्त एक सही."

"सही मागणं हे मागणंच."

"विमा कंपनीत मी दिवसभर सह्याच करत असतो. त्यानं माझं काही झिजलं नाही."

"तू देणाऱ्याच्या खुर्चीत बसतोस. माझं तसं न्हाई." आबांनी उजव्या मांडीवर हात ठेवला. इटलीतल्या तोफगोळ्याचा एक तुकडा तिथे अजून होता. "त्यानं मला एकदा जीव दिलाय. त्याच माणसापुढं दुसऱ्यांदा हात पसरायचा?"

वरच्या गच्चीवर शेजारच्या मुलांनी पतंग काटला आणि "वो काटा" असा ओरडा झाला.

"मी नाही मागणार, आबा," चारुलता म्हणाली. "प्रॉमिस. मतलब, वचन."

"तू न्हाईच मागणार. तुझ्या बापाचं काय?"

विलास म्हणाला, "बरं." पण ते त्याचं ऑफिसातलं "बरं" होतं. फाइल अजून मिटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असायचा.

*

स्वयंपाकघरात रमा गुळपोळ्या लाटत होती आणि तारामतीबाई भाजत होत्या. रमाचं मन विलासच्या बाजूने होतं, आणि ते सासूला कळू नये म्हणून ती आज जास्तच वाकून लाटत होती.

"एवढी कडंपर्यंत लाटू नगंस," तारामतीबाई म्हणाल्या. "गूळ फुटून बाहेर येतोय."

"होय, आत्याबाई."

"आणि नवऱ्याला सांग, मला काय म्हणायचंय ते. पोरगी शिकली, बास झालं. तिकडं दोन वर्षं एकटी ऱ्हायची. कुणी फसवलं, कुणी नाडलं, कुणाला सांगंल? हितं भाजीवाल्यासंगं घासाघीस करायला लाजती ती."

रमाने पुढची पोळी लाटायला घेतली. चारुलता भाजीवाल्याशी घासाघीस करत नसे हे खरं होतं. ती नुसता तराजूचा काटा पाहायची आणि "भैया, ये बराबर नहीं है" एवढंच म्हणायची. भाजीवाला मुकाट्याने दोन टोमॅटो जास्त टाकायचा. पण हे आत्ता सांगण्यात अर्थ नव्हता.

नंदकिशोर जीपमधून उतरला तो थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. पाहुण्याला आणायला त्यालाच जायचं होतं, अजून तासभर होता.

"आई, एक पोळी."

"पाहुणा जेवंपर्यंत न्हाई. तुझ्या त्या सायबाचं सांग. आता तो लाट झालाय म्हणं?"

"लॉर्ड. लॉर्ड वेदरस्टोन. मेसमध्ये एक जाडं पुस्तक आहे, त्यात सगळं वाचून आलोय. ऐक. मोठ्या सरदार घराण्यातला. दुसरा मुलगा."

"दुसरा म्हंजे धाकटा."

"हो. आणि त्यांच्यात वाडा, जमीन, किताब, सगळं थोरल्याला."

तारामतीबाईंचं उलथनं थांबलं. "मग धाकट्यानं काय खायचं?"

"म्हणून धाकटे फौजेत जातात. हा विसाव्या वर्षी आला. बेळगावला मराठी शिकला, मग आबांच्या कंपनीत इटलीला. तिथलं तुला माहीतच आहे."

त्यांना माहीत होतं. सेनिओ नावाच्या नदीचा बांध, आबांच्या मांडीत घुसलेलं लोखंड, आणि पंचविशीतला तो लांबलचक पोरगा. त्याने आबांना ओढत एका चरात नेलं आणि अंधार पडून स्ट्रेचर येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

"लढाई संपली. मग राजवाड्यात नोकरी. राजाच्या मागे उभा राहणारा अधिकारी."

"मागं उभा राहून करायचं काय?"

"सगळं. कोण आधी आत येणार, कोण कुठे बसणार, कोणाला किती वेळ द्यायचा. ते सोडून निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला, पार्लमेंटमध्ये पाच वर्षं बसला. मग थोरला भाऊ घोड्यावरून पडून गेला. किताब याच्याकडे आला आणि निवडून आलेली जागा गेली."

"ती का गेली?"

"लॉर्डाला खालच्या सभागृहात बसता येत नाही. वरच्यात बसावं लागतं. आता तिथे असतो."

"बहीण हाय का त्याला?"

नंदकिशोरने आठवून पाहिलं. "पुस्तकात तरी नव्हती."

तारामतीबाईंनी पोळी उलटली. "मलाबी भाऊ न्हाई," असं त्या म्हणाल्या, पण ते तव्याला उद्देशून होतं.

*

लॉर्ड वेदरस्टोन एका ठाकुरांकडे पोलो खेळायला आला होता. पुढच्या आठवड्यात इंग्लंडची राणी जयपूरला येणार होती आणि शहरभर भिंतींवर नवा गुलाबी रंग चढत होता. त्या दौऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता; आपण तिच्या आधीच निघून जाणार, नाहीतर जुन्या सवयीने कुठेतरी उभं राहावं लागेल, असं तो जीपमध्ये नंदकिशोरला म्हणाला होता.

फाटकाशी तो उतरला तेव्हा आबा खाडकन सावधान झाले आणि सलाम ठोकला. साहेबाचं डोकं उघडं होतं. तो उत्तरादाखल नुसता ताठ उभा राहिला, मान लववली आणि मग पुढे होऊन आबांचे दोन्ही खांदे धरले.

"आनंदराव," तो मराठीत म्हणाला, "म्हातारा झालास गड्या."

"व्हय साहेब."

"पाय?"

"हाय अजून."

चारुलता चकित झाली. साहेबाचं मराठी सोळा वर्षांत गंजलं होतं, पण ते साताऱ्याचं होतं, तिच्या स्वतःच्या मराठीपेक्षा आजीच्या मराठीच्या जवळचं. मात्र ते फार पुढे जात नव्हतं. बूट, पाणी, पाय, चल, थांब, गप बस, एवढ्यात त्याचा बराचसा साठा संपला आणि तो इंग्रजीवर आला. तिथून पुढे दुभाष्याचं काम तिचं होतं.

दारात तारामतीबाई औक्षणाचं तबक घेऊन उभ्या होत्या. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती.

"हे कशापायी?" आबांनी हळू आवाजात विचारलं. हे ठरलेलं नव्हतं.

"तुम्ही बाजूला व्हा. चारू, त्याला पाटावर बसव. पूर्वेला तोंड. आणि डोकं उघडं चालत न्हाई."

आबांनी आपली काळी टोपी काढून दिली. साहेबाच्या डोक्यावर ती एखाद्या डब्याच्या झाकणासारखी बसली. रमाने पदर तोंडाशी नेला. साहेब मात्र हलला नाही. समारंभात आपल्याला काही कळत नसेल तेव्हा हलायचं नाही, हे त्याला पक्कं माहीत असावं.

"आता त्याला सांग," तारामतीबाई म्हणाल्या. "नीट सांग. आमच्यात भाऊबीजंला बहीण भावाला ओवाळती. मला भाऊ न्हाई. जिला भाऊ न्हाई ती चंद्राला ओवाळती. आधी मी नुसती ओवाळायची. पण हे इटलीतून जिते परत आले त्या वर्षापासनं, चंद्राला ओवाळताना मी मनात ह्याला धरती. तोंड बघितलं नव्हतं, म्हणून चंद्राचंच धरलं. आज भाऊबीज न्हाई. पण तो आलाय."

चारुलताने एकेक वाक्य घेऊन सांगितलं. हे तिलाही माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं. ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते.

दिवा फिरला. कपाळावर कुंकू लागलं, अक्षता टोपीवरून घरंगळल्या. तारामतीबाई तबक पुढे धरून थांबल्या.

"भाऊ तबकात ओवाळणी घालतो," चारुलता म्हणाली. "काहीतरी भेट."

साहेबाने कोटाच्या एका खिशात हात घातला, मग दुसऱ्या, मग पँटच्या. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. राजवाड्यात असताना त्याला खिशात पैसे ठेवायची सवयच राहिली नव्हती. जिथे जाईल तिथे पैसे देणारा कोणीतरी मागून यायचा. ती नोकरी सोडून सात वर्षं झाली, तरी ती सवय परत आली नव्हती. त्याच्या खिशात एक रुमाल होता.

"सॉरी," तो म्हणाला. आणि मग मराठीत: "न्हाई. काही न्हाई."

"राहू दे," तारामतीबाई म्हणाल्या. "भाऊ कुठं पळून चाललाय? राहिली म्हणू."

*

विलासने टेबल-खुर्च्या मागवायच्या ठरवल्या होत्या, पण आबांनी पाट मांडायला लावले होते. आता पंगतीत साहेब, त्याच्यासमोर आबा, बाजूला विलास आणि नंदकिशोर, आणि दुभाषी म्हणून चारुलता. पुरुषांच्या पंगतीत नात बसलेली तारामतीबाईंना आवडलं नव्हतं. त्यांनी तिच्या पानात वाढताना डाव जरा आपटला.

साहेब मांडी घालून सहज बसला. गुडघे मात्र दोन्हीकडच्या ताटांपर्यंत पोचले. वरणभातावर गरम तूप वाढून झालं. आणि मग काहीच झालं नाही.

विलासच्या ते आधी लक्षात आलं नाही. तो मनात वाक्य जुळवत होता. जेवण सुरू झालं की आबा पाहुण्याच्या पानाकडे बघत राहणार, आग्रह करत राहणार. नंतर विडे, तिळगूळ, निरोप. मोकळी जागा होती ती हीच.

"माय लॉर्ड," त्याने इंग्रजीत सुरुवात केली, "एक छोटीशी..."

"विलास," आबा म्हणाले, "सायबाला मीठ वाढ."

मीठ होतं. तरी विलास उठला, मिठाशेजारी आणखी मीठ ठेवलं आणि बसला.

"माय लॉर्ड, माझी मुलगी पुढच्या..."

"लिंबू."

"आहे, आबा."

"बारकं हाय. दुसरं आण."

दुसरं लिंबू आणून तो बसला. नंदकिशोर ताटाकडे बघत ओठ चावत होता.

"लंडनमध्ये तुमचं..."

"पाणी."

विलास तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याला जाणवलं की अजून कोणीही जेवायला लागलेलं नाही. साहेब आबांकडे बघत होता. आबा साहेबाकडे बघत होते. दोघांचेही हात गुडघ्यांवर होते आणि दोघंही अतिशय नम्रपणे हसत होते.

चारुलता तुपाकडे बघत होती. जानेवारीतली जयपूरची थंडी, फरशीवरची ताटं. भातावरच्या तुपाची कड पांढरी व्हायला लागली होती आणि पांढरेपणा आत सरकत होता. साहेबाच्या ताटात जास्त, कारण तो दाराजवळ बसला होता. मोजायचं म्हटलं तर मोजता आलं असतं.

तिने साहेबाला इंग्रजीत विचारलं. त्याने तितक्याच हळू उत्तर दिलं. ती आबांकडे वळली.

"आबा, ते तुमच्यासाठी थांबलेत. घरातला मुख्य माणूस सुरुवात करेपर्यंत हात लावायचा नाही, हे त्यांनी राजवाड्यात सात वर्षं पाळलंय."

"पाहुण्याआधी घरधनी जेवत न्हाई. सांग त्यास्नी."

तिने सांगितलं. साहेबाने आदराने मान हलवली आणि हात गुडघ्यावरच ठेवला. आबांनीही मान हलवली.

"तुम्ही दोघं ऐकणार नाही," चारुलता म्हणाली. "मतलब, असं संध्याकाळपर्यंत चालेल. मग एकदमच सुरू करा. मी तीन म्हटलं की दोघांनी घास उचलायचा. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही." हेच तिने इंग्रजीत सांगितलं. "हात ताटाजवळ न्या. आबा, तुमचा जास्त पुढे गेलाय. मागे घ्या."

आबांनी हात मागे घेतला.

"सर, तुमचाही. थोडा मागे. हां. एक. दोन. तीन."

सुभेदार मेजरने आणि लॉर्डाने एकाच क्षणी घास उचलला.

वाढायला उभ्या असलेल्या तारामतीबाईंच्या हातात उसळीचं भांडं होतं. ते तसंच राहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला कुणाच्या सांगण्यावरून हात मागे घेताना पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे, आणि मग बराच वेळ नातीकडे. ती आता शांतपणे आपला भात कालवत होती. काहीतरी मोठं केलं असं तिला वाटलंही नव्हतं.

"उसळ, आत्याबाई," रमा कुजबुजली.

"वाढती की," तारामतीबाई म्हणाल्या. नातीच्या पानात त्यांनी दोनदा वाढली.

*

गुळपोळ्या आल्या. साहेब खाण्यात पक्का होता. पानात टाकायचं नाही हे त्याला लहानपणीच शिकवलं होतं, आणि रिकामं पान पाहिलं की वाढायचं हे या घराला. त्यामुळे ते प्रकरण बरंच लांबलं. शेवटी चारुलताने त्याला पोळीचा एक तुकडा पानात ठेवून द्यायला सांगितलं आणि मगच तो सुटला.

जेवता जेवता तो बोलत होता. राजवाड्यात चार-चार तास न हलता कसं उभं राहायचं: बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायची, बाहेरून दिसत नाही आणि माणूस चक्कर येऊन पडत नाही. चारुलताने लगेच विचारलं, बोटं हलवल्यावर पोटरीही हलते का? त्याने विचार केला आणि थोडी हलते म्हणाला. मग बरोबर, ती म्हणाली, पोटरीचे स्नायूच रक्त वर ढकलतात. हे आपल्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, साहेब म्हणाला, आणि बसल्या बसल्या त्याने बोटं हलवून पाहिली.

"निवडणुकीत तुम्ही लोकांना काय सांगायचात?" नंदकिशोरने विचारलं.

"फार काही नाही. मत मागायला दारात जायचो आणि मला मागायलाच जमायचं नाही. हवेबद्दल बोलून परत यायचो. माझा कार्यकर्ता चिडायचा. पण थोड्या मतांनी निवडून आलो. तिथली हवा वाईट असते, सगळ्यांना त्यावर बोलायचं असतं."

मग तो आबांकडे वळला आणि चारुलताकडे बोट दाखवून आपल्या मराठीत म्हणाला, "ही चारू? खड्ड्यातली चारू?"

आबांनी मान खाली घातली.

"म्हणजे?" चारुलताने विचारलं.

साहेबाने इंग्रजीत सांगितलं. त्या चरात आनंदरावांना झोप येऊ द्यायची नव्हती. झोपला असता तर संपला असता. म्हणून त्याने एकेक करून घरच्या माणसांची नावं विचारली. प्रत्येकाचं वय, उंची, काय खातो, काय बोलतो. सगळ्यात जास्त वेळ पाच वर्षांच्या एका नातीवर गेला. ती विहिरीत दगड टाकायची आणि आवाज येईपर्यंत बोटं मोजायची. का मोजते, हे गावात कोणालाच कळत नव्हतं.

"खोली काढत होते," चारुलता म्हणाली.

विडे झाले. रमाने तिळगूळ दिला. साहेबाने वाटीतला एक दाणा पुन्हा घेतला आणि सावकाश बोलला. चारुलताने ऐकलं आणि जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"ते म्हणतात, राजवाड्यात मी दारात उभा असायचो. आत जाणारा प्रत्येक जण काहीतरी मागायला आलेला असायचा. पार्लमेंटमध्येही तेच. आता लॉर्ड झाल्यावर तर जेवायला बोलावतात तेही त्यासाठीच. आज पहिल्यांदा अशा घरी जेवलो, जिथे कोणी काही मागितलं नाही."

विलासने हातातला विडा खाली ठेवला. फाइल मिटली.

आबांना हायसं वाटायला हवं होतं. हुकूम पाळला गेला होता, त्यांचं नाव राखलं गेलं होतं. पण ते नातीकडे बघत होते. आपल्याच वाटेवर दगड ठेवणारं वाक्य तिने शब्द न गाळता, आवाज न बदलता सांगितलं होतं. पलटणीत असा जवान मिळाला असता तर त्यांनी त्याला नाईक केला असता. वचन दिलं होतं तिने, आणि घेतलं होतं त्यांनी.

तेवढ्यात तारामतीबाई आतून आल्या. हातात तबक होतं. दिवा पुन्हा लावलेला.

"भाऊ," त्या साहेबाला म्हणाल्या, "ओवाळणी राहिलीया."

साहेबाचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"पैसा नगं. मी सांगती ते घाल."

"तारा," आबा म्हणाले. "मी सकाळी काय सांगितलं?"

"सायबाकडं मागायचं न्हाई म्हणालात. मी कुठं सायबाकडं मागती? मी भावाकडं मागती."

"एकच माणूस हाय तो."

"तुमचा सायेब हाय. माझा भाऊ हाय. सोळा वर्षं ओवाळलाय. चंद्र काय ओवाळणी घालत न्हाई, म्हणून मी गप बसली."

विलास आईकडे बघत राहिला. "आई, पण तूच तर तिच्या जाण्याला..."

"ते दुपारपतोर. जी पोरगी ह्यांचा हात मागं घ्यायला लावती, तिला लंडनात कोण नाडतंय? चारू, सांग त्याला. तुझ्या वसतिगृहाला कोण माणूस पायजे ते."

चारुलता हलली नाही. "आजी, मी आबांना वचन दिलंय."

"मी सांगतो," नंदकिशोर म्हणाला आणि पाटावरून अर्धा उठला.

"थांब," आबा म्हणाले.

सगळे थांबले. आबा मांडीवरून हात फिरवत होते. बायकोने हुकमात काढलेली फट त्यांना बुजवता येत नव्हती. ती बुजावी असं त्यांना वाटतही नव्हतं.

"कॅप्टन मधलं काहीतरी गाळंल," ते शेवटी म्हणाले. "चारू, तूच सांग. नीट सांग. माझा हुकूम हाय."

तिने सांगितलं. कॉलेज, शिष्यवृत्ती, वसतिगृह, पालक, महिनाअखेर. कमी नाही, जास्त नाही. तबक धरून तारामतीबाईंचे हात भरून आले होते, पण त्यांनी ते खाली केलं नाही.

साहेबाने सगळं ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाला, "पेन आहे का?"

विलासकडे पेन होतं. कागद तर सकाळपासून त्याच्या खिशातच होता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

साहेबाने नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि एका रकान्याशी अडला. विद्यार्थिनीशी नातं काय?

"माझा भाऊ म्हंजे विलासचा मामा," तारामतीबाई म्हणाल्या. "हिचा मामाआजोबा."

"ग्रँड-अंकल," चारुलता म्हणाली. त्याने ते वळणदार अक्षरात लिहिलं, सही केली, कागद तबकात ठेवला. तारामतीबाईंनी त्याच्यावर दोन अक्षता टाकल्या.

"मग मी आनंदरावचा कोण?" साहेबाने विचारलं.

"मेहुणा. बायकोचा भाऊ."

"आणि दोघांत मोठा कोण?" तो आता गंभीर झाला होता. कोणाला कोणाच्या आधी मान, हे त्याचं सात वर्षांचं काम होतं.

चारुलताने प्रश्न मराठीत केला आणि तारामतीबाईंनी जरासुद्धा विचार न करता उत्तर दिलं. "हे. जावयाला मान माहेरच्यांनी द्यायचा. वय नगं, हुद्दा नगं. आमच्यात तसंच असतं."

चारुलताने सांगितलं. साहेबाने दोनदा मान हलवली, नोंद करून घेतल्यासारखी.

*

ऊन कलायला लागलं होतं. गच्च्यागच्च्यांवरून पतंग अजून चढत होते आणि कापले गेलेले झाडांत लोंबत होते. फाटकाशी जीप सुरू झाली. आबा डोक्याला पटका गुंडाळून, टाचा जुळवून उभे राहिले. हात उठणार एवढ्यात साहेब वळला, पायऱ्या चढून घरात गेला आणि खुंटीवरची आबांची काळी टोपी घेऊन बाहेर आला. उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत, हे आबांनीच शेकडो रंगरुटांना शिकवलं होतं. तरीही तो काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

साहेबाने टोपी डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून जरा बसवली, आबांपुढे तीन पावलांवर उभा राहिला आणि आधी सलाम केला.

आबांचा हात अर्ध्यावर थांबला. आयुष्यात एकाही साहेबाने त्यांना आधी सलाम केला नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तारामतीबाई पदर सारखा करत होत्या.

मग आबांनी सलाम परत केला. घाई न करता, हाताखालच्या माणसाचा सलाम घेतात तसा.

साहेबाने टोपी काढून पुढे केली.

"ऱ्हाऊ दे, मेहुणं," आबा म्हणाले. "आहेर समजा."